कुठलं वॅक्स लावू, तात्या

तात्या, आज दुपारी पार्लरचं शटर अर्धं ओढून मी आतच बसलेय. समोर वॅक्सचे चार डबे उघडे आहेत आणि माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चार लालसर पट्टे उमटलेत. तुम्ही गेलात तेव्हा बारामतीतलं तुमच्या लेकीचं हे पार्लर नव्हतं आणि माझी मुलगीही नव्हती. ती आता चौदा वर्षांची आहे, नववीत आहे, आणि गेले चार दिवस ती शाळेत गेलेली नाही. तिच्या वरच्या ओठावर आणि हनुवटीखाली केस आलेत. लव नाही म्हणत मी, केस. वर्गातली एक मुलगी सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "माझ्या दादाच्या आधी तुला दाढी आली की." घरी येऊन तिनं दप्तर टाकलं आणि मला एवढंच विचारलं, "तू अख्ख्या बारामतीचं काढतेस, मग माझं का नाही काढत?" मी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून गेले. बादलीत चार रुमाल होते.

डॉक्टरांना दाखवून झालं. तपासण्या झाल्या. गोळ्यांनी थोडा फरक पडेल, वेळ लागेल, पूर्ण जातील असं सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणजे मग माझ्याचकडे आलं. आणि माझ्याकडे काय, तर हे चार डबे. एक राळेचं, झाडाच्या चिकापासून केलेलं. राठ केस एका ओढीत मुळासकट काढतं, पण कोवळी कातडी असली तर तीही सोबत घेऊन येतं. दुसरं मधमाश्यांच्या पोळ्याच्या मेणाचं. कापडाची पट्टी लागत नाही, पण अंमळ गरम राहिलं की चटका बसलाच. तिसरं मधाचं, कोरफड घातलेलं, वास छान. मागे तिच्या हाताला लावून पाहिलं तर संध्याकाळपर्यंत बारीक पुरळ. चौथं मी घरी करते ते, साखर, लिंबू आणि पाणी. त्यानं त्रास कमी होतो, पण बारीक केस तुटून मागे राहतात आणि पुन्हा लवकर डोकं काढतात. माल घेऊन येणारा माणूस दर वेळी म्हणतो, "ताई, डोळे झाकून घ्या, सगळं नॅचरल आहे." धोतराही नॅचरलच असतो बाबा, असं त्याला एकदा सुनवायचंय. गिऱ्हाइकाच्या हातापायाला काय लावायचं हे मी बघताक्षणी सांगते. आज सकाळपासून मी माझ्याच हातावर एकेक लावून ओढतेय आणि मला काही म्हणजे काही ठरवता येत नाहीये.

तुमची आठवण यायचं कारण ते चौथं. आपलं शेळगावचं गुऱ्हाळ, आणि तुम्ही तिथले गुळव्या. काहिलीतला रस उकळून कधी गूळ झाला ते लांबून नुसता बुडबुडा बघून सांगणारे. मी आठ वर्षांची असेन. मीठ लावलेली लिंबाची फोड चोखत मी काहिलीजवळ आले आणि तुम्ही सगळ्या गड्यांसमोर माझ्यावर असे ओरडलात की फोड हातातून पडली. "आंबट हितं आणायचं न्हाय! एक थेंब पडला तर समद्या काहिलीचा गूळ बसायचा न्हाय!" तुम्ही मला हाताला धरून पार बांधापर्यंत नेऊन सोडलंत. त्यानंतर मी गुऱ्हाळात कधी लिंबूच काय, चिंचही नेली नाही.

मग मी एकोणीस वर्षांची आहे आणि मला बघायला पाहुणे आलेत. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. निघताना मुलाची आत्या दारात आईला हळूच म्हणते, म्हणजे मला आत ऐकू जाईल इतपत हळू, "पोरगी कामाला चांगली हाय, पर व्हटावर लई दिसतंय. आमचा पोरगा अजून कोवळा हाय, मान्सं हसतील." आईनं ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही जेवलात आणि गुऱ्हाळावर गेलात. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, काहील चुलाणावर असताना कधी घरी न येणारे तुम्ही, किटलीत काकवी घेऊन आलात. इंदापूरच्या बाजारात कुणाकडून तरी तुम्ही ऐकलं होतं की शहरातल्या बायका पाकानं केस काढतात. "बस हितं," म्हणालात, आणि आईच्या चुलीपुढं तुम्ही स्वतः बसलात.

काकवी आटवलीत. पाण्याच्या वाटीत थेंब सोडून गोळी वळून बघितलीत, तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं. मग चमचा माझ्या हातात दिलात आणि भिंतीकडं तोंड करून बसलात. "लाव." मी लावलं. थोड्याच वेळात त्याला कणी धरली आणि ते ओठावर दगडासारखं बसलं. ओढलं तर तुकडे पडले. शेवटी गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून शेकून काढलं, ओठ सुजून वर आला. तुम्ही वळून बघितलंत आणि म्हणालात, "माजं चुकलं. मी गूळ केला त्येचा." तुमच्या तोंडून 'माझं चुकलं' हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं. जन्मभर पाक बसावा म्हणून जीव टाकणारा माणूस, न बसणारा पाक त्याला कसा यावा?

उरलेली काकवी तुम्ही पुन्हा कढईत घालून चुलीवर ठेवलीत. मग उठून परसातल्या झाडाचं लिंबू तोडून आणलंत, अर्धं कापलंत आणि हात कढईवर धरून थांबलात. मला म्हणालात, की स्वतःलाच, "मुद्दाम बिघडवायचा म्हंजी..." आणि पिळलंत. त्या वेळी ते जमलं. पाक मऊ राहिला, ओढला तसा निघाला. तुम्ही विचारलंत, "दुखलं का?" मी म्हटलं, "न्हाय." "दुखलं आसंल तर सांग." मी पुन्हा न्हाय म्हटलं. चहा न घेता तुम्ही परत गेलात. पुढे माझं लग्न होईपर्यंत दर महिन्याला फडताळात झाकण लावलेली एक वाटी असायची.

बायका मला विचारतात, साखरेचं वॅक्स इतकं छान कुठं शिकलात. मला त्यांना अभिमानानं सांगता यायला हवं. पण तात्या, त्या दुपारी मला तुमचा फार राग आला होता. त्या बाईनं नावं ठेवली ते मी सहन केलं. तुम्ही मात्र म्हणायला हवं होतं की पोरी, तू आहेस तशी बरी आहेस. तुम्ही पाक केलात. म्हणजे तुम्हालाही ते दिसत होतं. किती मायेनं केलंत हे कळत होतं, तरीही दिसत होतं हेही कळत होतं. आता मी लेकीच्या चेहऱ्याला हात लावला की तिला तेच कळणार. आणि नाही लावला तर ती घराबाहेर पडणार नाही. तुम्ही त्या लिंबावर थांबलात तसं आज माझं चाललंय, फक्त मला पिळायचं काय तेच सुचत नाही.

इथवर लिहिलं आणि तीच आली. शटरखालून वाकून आत आली, चारही डबे बघितले आणि खुर्चीत बसली. मी म्हटलं, "कमीत कमी दुखेल असं बघतेय." तर म्हणते, "कमी दुखणारं नको. जास्तीत जास्त दिवस टिकेल ते लाव." म्हणजे राळेचं. मी म्हटलं, "अगं, कातडी निघेल." ती म्हणाली, "निघू दे." चौदा वर्षांची पोर. मी साखरेचंच घेतलं. पट्टी ओढली तर ती हूं की चूं नाही, नुसत्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. मग तिनं विचारलं, "आई, हे मला कुणाकडून आलं? तुला होतं?"

दुसरी पट्टी माझ्या हातात होती. मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. तिनं अगदी जवळून माझ्या ओठाकडं बघितलं. मी आदल्याच दिवशी दोऱ्यानं साफ केलेला. "मग मीच अशी," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाजूसाठी हनुवटी वर केली.

हे लिहून पंधरा दिवस तसंच राहिलं होतं. ती दुसऱ्या दिवसापासून शाळेत जायला लागली आणि आता पुन्हा केस दिसायला लागलेत, "परत लाव" म्हणते. मधल्या काळात मलाही आहे हे सांगायला मी दोनदा तिला हाक मारली आणि दोन्ही वेळा शाळेच्या डब्यात काय देऊ एवढंच विचारलं. मग ठरवलं की बोलायचंच नाही, आपला ओठच साफ करायचा नाही. वाढू द्यायचं. एक दिवस तिला समोर बसून आपोआप दिसेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. काल माझ्या ओठावर चांगली काळसर रेघ आली होती. रात्री जेवताना ती माझ्याकडं बघत होती, की मलाच तसं वाटलं. आज सकाळी ती उठायच्या आत मी न्हाणीघराची कडी लावली, दोरा घेतला आणि सगळं काढून टाकलं.