तुळसाबाईंची वही

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! वर्तकनगरात दवाखान्यामागेच ही पेशंटांची खोली. दोन खाटा, स्वच्छ फरशी, खिडकीत ऊन. रक्ताच्या कॅन्सरवर सात दिवस सुई आणि जोडीला रोज गोळ्या, असं दोन्ही मिळून आमच्यासारख्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना किती झेपतं, त्याची ही चाचणी. चाचणी बघणाऱ्या उत्तरा मॅडमनी वही दिली. रोज ताप मोजून लिहायचा, बरंवाईट लिहायचं. ताप आला तर लागलीच फोन करायचा, आमच्या अंगात आता आजाराशी झुंजायची ताकद नाही म्हणे. मला वहीचाच आनंद! कोपरला पोळीभाजी विकताना पुड्यांच्या कागदांवरून मी अक्षरं शिकले. सूनबाई रसिका हसून म्हणाली की आईंना औषधापेक्षा वहीच मानवणार.

५ फेब्रुवारी
शेजारच्या खाटेवर खडवलीच्या तुळसाबाई. भारी गप्पिष्ट. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांची वहीही मीच लिहिते, त्या खाली जांभळा अंगठा उठवतात. म्हणाल्या, गंगुबाई, तुझ्या अक्षराला दृष्ट लागंल गं.

१० फेब्रुवारी
सुया काल संपल्या, आता नुसत्या गोळ्या. सकाळी तुळसाबाईंचं अंग तव्यासारखं तापलं. एकशेदोन. मी फोन उचलला तर त्यांनी मनगट धरलं. म्हणाल्या, ताप कळला तर गोळ्या बंद करतील, मला काढून टाकतील, मग काय घरी मरायला जाऊ? तू लिही की बरं वाटतंय, तुझं लिहिलेलं मानतात. माझा जीव कळवळला. लिहिलं: ताप नाही. बरं वाटतंय. मॅडम वाचून खूश होऊन गेल्या.

११ फेब्रुवारी
तुळसाबाई गेल्या. दुपारी, मऊ भाताचं ताट पुढ्यात असताना. मॅडम त्यांची वही उलटसुलट करून म्हणत होत्या की यात तर काहीच नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

१३ फेब्रुवारी
मला एकशेएक. लिहिलं, ताप आहे. चहाचा कप ठेवून वळले, तर वहीत: ताप नाही. बरं वाटतंय. अक्षर माझंच, तसाच लंगडा र. खाली जांभळा अंगठा. शाईची डबी तर त्यांच्या सामानाबरोबर गेली.

१४ फेब्रुवारी
खोडलं. पान फाडलं. पुढच्या पानावर तेच. रसिकाला फोन केला, मला घेऊन जा म्हणायला. तोंडातून निघालं, बरं वाटतंय गं. किती खूश झाली पोर—

१५ फेब्रुवारी
एकशेतीन. दाराच्या कडीला हात घातला आणि कुणीतरी मनगट धरलं. तापलेला हात. खाट रिकामी आहे. मॅडम दारातून वही वाचून गेल्या. मी हसले. मी नव्हते हसत—

१६
अंगठा जांभळा झालाय. माझा. तुळसाबाई, तुमच्या मायेपोटीच लिहिलं हो ते— हात सोडा— एकदा खरं लिहू द्या—
मला ताप आहे
मला ताप आ
मला ताप ना