पायाखालचे दाजी

केंडू बे,
मंगळवार दुपार

आदरणीय ओयो दाजी,

तुम्हाला, अपोंडीला आणि मुलांना आमच्या घरातल्या सगळ्यांचा नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करतो. नाकुरूच्या थंडीत तो फार दुखतो, असं अपोंडीने फोनवर नेरेआला सांगितल्याचं समजलं. (मला नाही सांगितलं. माझी सख्खी बहीण अकरा वर्षं माझ्या घरी फोन करते आहे आणि मी उचलला की "वहिनीला दे" एवढंच म्हणते. संघटनेच्या मोठमोठ्या सभा मी गाजवल्या, पण या दोन शब्दांना अजून उत्तर सापडलेलं नाही.) इकडे आम्ही बरे आहोत. सरोवरात मासे कमी आणि जलपर्णी जास्त आहे. गाय व्याली, कालवड झाली. मी निवृत्त झाल्यापासून शिक्षक संघटना मला भाषणाला बोलवत नाही, त्यामुळे माझ्या घशाला आराम आहे आणि घरातल्यांच्या कानांना अजिबात नाही.

पत्र घाईने लिहितो आहे. आज ना उद्या कोणाच्या तरी फोनवरून एक व्हिडिओ तुमच्यापर्यंत येईल. त्यात मी आहे, आपला गिटारवाला ओग्वेनो आहे, मुलींच्या शाळेचं पटांगण आहे आणि चारशे माणसं नाचताना दिसतात. ती कशावर नाचताहेत हे तुम्ही ऐकण्याआधी माझ्याकडून कळावं, कारण व्हिडिओत पार्श्वभूमी नसते आणि पार्श्वभूमीशिवाय इतिहास म्हणजे नुसती चहाडी, हे मी एकतीस वर्षं वर्गात शिकवलं आहे. शिवाय एक तांत्रिक प्रश्नही विचारायचा आहे. तो शेवटी येईल.

पार्श्वभूमी तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक आहे, तरी सांगतो. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही आपल्या सिंबी जाझ बँडच्या तालमीला एक निळी डबी घेऊन आलात. पायाने दाबली की गिटारचा एक सूर दोनदा वाजायचा. मी त्या डबीविरुद्ध चाळीस मिनिटं बोललो. विणकरांची बोटं बेकार करणाऱ्या यंत्रांपासून सुरुवात केली, साम्राज्यं कशी आळसाने बुडाली ते सांगितलं आणि ज्याला एक सूर दोनदा ऐकवायचा असेल त्याने तो दोनदा वाजवावा, असं म्हणून थांबलो. टाळ्या पडल्या. तुम्ही वायर गुंडाळलीत, डबी खिशात घातलीत, ओग्वेनोच्या खांद्यावर हात ठेवलात आणि तीनच्या गाडीने गेलात. पुढच्या महिन्यात तुम्ही नाकुरूची नोकरी धरलीत, आणि आमच्याकडे दोन गिटारींची एक झाली. आपलं बेंगा संगीत एका गिटारीवर म्हणजे दोघांच्या भांडणात एकट्यानेच बोलणं. (मला ते जमतं. गिटारला जमत नाही.)

तरी ओग्वेनोने ओढत नेलं. पण मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, तोंडाचा वाकडेपणा बराचसा गेला, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र उठेनात. जूनमध्ये त्याने गिटार खिळ्याला टांगली आणि ती चर्चला देऊन टाकतो म्हणाला. दाजी, हा माणूस माझ्याबरोबर तिसरीपासून आहे. गिटार नसलेला ओग्वेनो मला कल्पनेतही दिसत नव्हता, आणि आता समोर अंगणात खुर्चीवर बसलेला दिसायला लागला होता, कोंबड्या मोजत. मी त्याला धैर्यावर भाषण दिलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला की सोळा आहेत. नेरेआ मला घरी म्हणाली, "अकरा वर्षांपूर्वी ज्या डबीला हाकललंत, तिचे पाय धरा आता."

माघार घेणं हा माझा स्वभाव नाही. म्हणून मी समिती नेमली.

तुमची ती एकटी डबी होती. आता डब्यांचं एकत्र कुटुंब मिळतं. एकाच पेटीत प्रतिध्वनी, गुरगुर, थरथर, लांबट, पोकळ असे शेकडो आवाज नांदतात. त्याला मल्टी-इफेक्ट्स पेडल म्हणतात, हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे मगरीला पोहायला शिकवणं. समितीत ढोलवाला हबिल, बेसवाला न्यागिलो आणि अध्यक्ष मी. आमच्या ऐपतीत बसेल असं पेडल शोधायला किसुमूला गेलो, ओग्वेनोला मध्ये बसवून. दुकान मामा रिस्परचं. त्या सौरदिवे विकतात, चर्चचे स्पीकर विकतात आणि गिऱ्हाइकाचं बोलणं संपेपर्यंत हिशेबाची वही लिहीत राहतात. त्यांनी तीन पेट्या मांडल्या. पहिली शिलाई मशीनएवढी जड, तीनशे आवाज, कोरी. तिची किंमत ऐकून हबिलने टोपी काढली. दुसरी लहान, पायाने पुढेमागे झुलवायची दांडी असलेली, दीडशे आवाज. तिसरी कोणीतरी वापरून विकलेली, कोपऱ्याला टवका उडालेली, शंभर आवाज, सोबत अडाप्टर नाही.

समितीने काय केलं असेल? आपण वाळवलेली ओमेना मासळी मापाने घेणारी माणसं. न्यागिलोने किमतीला आवाजांनी भागलं आणि एक आवाज किती शिलिंगला पडतो ते काढलं. त्या हिशेबात झुलती दांडी स्वस्त पडत होती आणि टवकावाली महाग. हबिल म्हणाला, माशांचं ठीक आहे, पण आवाज वाळवून ठेवता येतात का. यावर मी बोलायला उभा राहिलो. विषय होता, गरिबाला संख्येने कसं फसवलं जातं. ऐन भरात आलो होतो, तेवढ्यात मामा रिस्परनी वही मिटली.

"मास्तर, तुम्ही श्वास घ्या," त्या म्हणाल्या. मग ओग्वेनोकडे वळल्या. "वाजवणारे तुम्ही ना? तुम्हाला किती आवाज हवेत?"

ओग्वेनोने त्या पेट्यांकडे बघितलं. "दोन," तो म्हणाला. "एक माझा. एक ओयोचा."

दाजी, मी खाली बसलो. भाषण अर्धंच राहिलं. (साक्षीदार आहेत.) मामा रिस्परनी टवकावाली पुढे सरकवली. तिच्यात एक करामत होती. वाजवलेला तुकडा ती लक्षात ठेवते आणि पुन्हा पुन्हा वाजवत राहते, त्यावर आपण दुसरं काही वाजवायचं. एकदा दाबलं की तिच्या कानावर पडेल ते आधीच्यावर चढतं. गप्प करायला दोनदा पटकन दाबायचं. ते "पटकन" आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. साठीच्या माणसांना पटकन हा शब्द ऐकू येतो, पण आत पोहोचत नाही.

घरी आणून चार पेन्सिल सेल घातले आणि ओग्वेनोच्या अंगणात बटणं फिरवत बसलो. एका आवाजात गिटार कॅथेड्रलमध्ये वाजल्यासारखी घुमली आणि हबिलने नकळत मान झुकवली. पुढचा आवाज इतका घरघरला की शेजारची मिन अकेयो डोक्यावर मक्याचं घमेलं घेऊन आली. पिठाची गिरणी इकडे हलवली असं तिला वाटलं. आम्ही नाही म्हटलं तरी ती अर्धा तास थांबून होती, न जाणो सुरू झालीच तर. मग ओग्वेनोने सगळे आवाज बंद केले आणि तुमचा तुकडा त्या पेटीत भरायला घेतला. तुमचाच, दाजी. "न्यार सिंबी" गाण्यातलं तुमचं खालचं उत्तर, सूर अन् सूर. दोन बोटांनी, अगदी सावकाश, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तीन संध्याकाळी गेल्या. तुम्ही कुठे श्वास घेत होतात तेसुद्धा त्याला पाठ होतं. चौथ्या दिवशी पेटी तुमच्यासारखी वाजायला लागली आणि तो तिच्यावर त्याच्या दोन बोटांनी जमेल तेवढं बोलायला लागला. गिटार पुन्हा खिळ्यावर गेली नाही. पेटीचं नाव अर्थातच ओयो पडलं. तालमीत आता "ओयोवर पाय दे", "ओयोचे सेल बदल" असं चालतं. राग मानू नका. जावयाला पायाखाली ठेवणं आपल्यात बसत नाही हे मी सभेत नमूद केलं होतं.

त्या तीन संध्याकाळी मी बाजूला बसून होतो आणि मला बोलायला काही सुचत नव्हतं. ही गोष्ट माझ्या प्रकृतीला चांगली नाही. म्हणून ठरवलं की मुलींच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी वर्गणीची सभा आहे, तिथे आपण वाजवणार, तिथे सगळ्यांसमोर मी पाकरुओक करीन, म्हणजे गाणं थांबवून आपल्या माणसाची थोरवी गाईन.

शनिवारी दुपारी दोनला सुरू झालं. लोक रंगले. रिवाजाप्रमाणे एकेक जण टाकीच्या डब्यात वर्गणी टाकून हात वर करी, वाद्यं थांबत, तो आपली आणि आपल्या माणसांची थोरवी गाई आणि वाद्यं पुन्हा उसळत. एक गुरांचा दलाल म्हणाला, माझा बैल हंबरला की सरोवरातला पाणघोडा माफी मागतो. लोक खूश. मग मी हात वर केला. हबिल थांबला, न्यागिलो थांबला, ओग्वेनोने तारांवर तळवा ठेवला. पेटी थांबली नाही. तुमचा तुकडा चालूच. ओग्वेनोने दोनदा दाबलं, पण पटकन नव्हे. पेटीने ते एकदाच धरलं आणि कान उघडले. ओग्वेनोची गिटार किती जुनी आहे ते तुम्हाला माहीत आहे. शाळेत तुम्ही दोघं तिच्या तारांजवळ तोंड नेऊन शिव्या देत होतात आणि त्या स्पीकरमधून बाहेर पडायच्या. आणि मी माइक धरून नेमका तिच्याशेजारी उभा होतो.

मी काय बोलणार होतो ते आधी ऐका. भाषण तयार होतं, चार पानी. पहिलं वाक्य होतं, "ओयोच्या बाबतीत मी चुकलो." आणि त्यानंतर, चूक कोणत्या परिस्थितीत झाली, त्या काळी यंत्रांबद्दल विचारी माणसांची मतं काय होती, इतर कोण कोण चुकलं, असे चौदा मुद्दे होते. मी पहिलं वाक्य बोललो. तेवढ्यात ओग्वेनोने पुन्हा पाय दिला, पेटीने कान मिटले आणि जे मिळालं होतं ते वाजवायला लागली.

तुमची गिटार, आणि तिच्यावर माझा आवाज. ओयोच्या बाबतीत मी चुकलो. पुन्हा गिटार. ओयोच्या बाबतीत मी चुकलो. आणि सगळं तालात, दाजी. हबिलला राहवलं नाही, तो ढोलावर आला, मग न्यागिलो. मी पहिला मुद्दा माइकवर मांडायला घेतला, पण पेटीतल्या माझ्याच आवाजाने मला दाबून टाकलं. लोक उठले. मुख्याध्यापिकाबाई नाचायला लागल्या. चौथ्या फेरीला सगळं पटांगण माझ्याबरोबर माझी चूक कबूल करत होतं आणि टाकीच्या डब्याभोवती रांग लागली होती.

मी खाली वाकलो आणि पेटीची वायर धरली. एक हिसका पुरे होता. वर बघितलं तर ओग्वेनो दोन्ही हात मांडीवर ठेवून हसत होता. मार्चनंतर पहिल्यांदा. तोंड अजून थोडं वाकडं जातं, पण हसणं तेच, तिसरीतलं. "एलिशा," तो म्हणाला, "राहू दे. ओयो बोलतोय."

वायर माझ्या हातात होती. मी ओढली नाही. सेल संपेपर्यंत, म्हणजे अकरा मिनिटं, मी माझीच कबुली ऐकत उभा राहिलो. वर्षाला एक मिनिट पडलं. व्हिडिओत शेवटी शेवटी मीसुद्धा पाय हलवताना दिसतो. तो मुंगी चावल्याचा परिणाम आहे, असं मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे.

बाजारात आता मुलं मला बघून ते वाक्य चालीत म्हणतात. नेरेआ चुलीपुढेही म्हणते. मी तिला म्हटलं, बाकीचे चौदा मुद्दे कोणी ऐकलेच नाहीत. ती म्हणाली, "म्हणून तर लोक नाचले."

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला कोमट तेल लावा. अपोंडीला सांगा की फोन केलास तर दोन शब्दांऐवजी चार चालतील.

तुमचा मेहुणा,
एलिशा वसोंगा

ता.क. तांत्रिक प्रश्न राहिला. पेटीला नऊ व्होल्टचा अडाप्टर लागतो, आणि त्याची पिन रेडिओच्या पिनेच्या उलटी, आत ऋण आणि बाहेर धन अशी हवी. इथे मिळत नाही. नाकुरूला मिळाला तर पाठवावा. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता.क. दुसरा. डिसेंबरात टाकीचं उद्घाटन आहे, तिथेही आपणच वाजवायचं आहे. ओग्वेनो स्वतःहून काही म्हणणार नाही आणि हे पत्र त्याला माहीत नाही. परवा तालमीत त्याचं बोट तारेवर अडकलं. पेटी पुढे निघून गेली. तुम्ही थांबायचात.

ता.क. तिसरा. चौदा मुद्द्यांची चार पानं पाकिटात घातली होती, ती काढून घेतली. पाकीट जड होतं म्हणून, असं लिहिणार होतो. पाकीट जड नव्हतं.

ता.क. शेवटचा. येताना पिशवीत अडाप्टर आणि तुमची गिटार यांपैकी एकच मावत असेल, तर सेल इथे मिळतात.