पांढरी तीनमधली धून

२७ ऑक्टोबर, कुडवा
शेजारच्या वनिताने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. मनोहर. केस रंगवलेले, गळ्यात हार, हातात लाल गिटार. खाली लिहिलं होतं, ‘झाडीपट्टीचे गिटारसम्राट आणि त्यांची अजरामर धून.’
धून माझी आहे.
वनिताला म्हटलं, तुझी भाजी करपत असेल, जा.
व्हिडिओ मात्र मागवून घेतला. तीनदा ऐकला. गिटारचा फाटका, घोगरा आवाज. पायाखाली आवाज फाडणाऱ्या इफेक्टच्या चार डब्या. इतकी वर्षं चोरीचा माल सांभाळायचा, तर निदान स्वच्छ तरी ठेवायचा.

२८ ऑक्टोबर
नीट लिहून ठेवते. रागात वाढवून सांगितलं असं नंतर वाटायला नको.
बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. गावी, केशोरीला, आमच्या धानाच्या खोलीत मी धून वाजवली, मनोहरने टेप केली. तो तेव्हा ऑर्केस्ट्रात दुसरी गिटार वाजवायचा. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, कॅसेट भोंग्यावर लावायची होती. बाबा म्हणाले, पोरीचं नाव भोंग्यावर नको. मनोहर म्हणाला, "मग माझं सांगू. एका मंडईपुरतं. तुमची पंचाईत नको."
मी हो म्हटलं. ही माझी चूक. बाकी सगळी त्याची.

३० ऑक्टोबर
धाकट्या भावाचा, धनराजचा फोन. तो मंडईच्या कमिटीत आहे. यंदा केशोरीला मनोहरचा ऑर्केस्ट्रा. १९ तारीख, दुपारी. "बाई, येजो ना. तुह्या ओळखीचाच मानूस आहे."
येते म्हटलं.
येणारच.

२ नोव्हेंबर, केशोरी
माळ्यावरून गिटार काढली. मान सरळ आहे. तारा गंजलेल्या. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर उंदरांनी पोखरलेला, पण ट्रान्सफॉर्मर शाबूत.
धनराज: "कायले पाहिजे तुले हा डब्बा? आता म्हातारपनी वाजवून राह्यली का?"
"हो."
"लोक हासतीन ना बाई."
"हसू दे. हसून झाल्यावर ऐकतील."
जुन्या तारांवरच, त्याचा मंडईचा छोटा अॅम्प घेऊन धानाच्या खोलीत वाजवून पाहिलं. आवाज मेलेला. भिंतींवरून काहीच परत येईना. मग लक्षात आलं. आम्ही टेप केलं ते अश्विनात, कापणीच्या आधी. खोली तेव्हा रिकामी होती. आता हलका, लवकर पिकणारा धान आलाय, छतापर्यंत पोती. सगळा घुमारा पोत्यांनी गिळला. पस्तीस वर्षं पोरांना ध्वनीचं परावर्तन शिकवलं आणि हे कळायला मला दहा मिनिटं लागली.
धनराजला म्हटलं, पोती हलव. त्याने आपला अॅम्प उचलला आणि गेला.

५ नोव्हेंबर, सडक अर्जुनी
शकीलभाई. हायवेवर ढाब्याशेजारी दुकान. ट्रकचे टेप दुरुस्त करतात, व्हॉल्व्हचे रेडिओ समजणारा या भागातला शेवटचा माणूस. अॅम्प उघडून एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरून पाहिला. मग, "मॅडम, आजकल सब को आवाज फाड के चाहिए. तुम्हाला साफ पाहिजे?"
"काचेसारखा."
"साफ में गलती छुपती नहीं."
"म्हणूनच."
ते हसले. घुमाऱ्यासाठी जुन्या ऑर्गनमधली स्प्रिंगची पेटी बसवून देतो म्हणाले. आवाज स्प्रिंगमधून फिरून येतो, रिकाम्या खोलीत फिरून यावा तसा.

९ नोव्हेंबर
अॅम्प कुडव्याला आला. नागपूरहून जाड तारा मागवल्या, गुळगुळीत गुंडाळीच्या. बोटांना फोड.
आज: अॅम्प अर्ध्यावर, त्यापुढे नेला की आवाज चिरतो. गिटारचा आवाज पूर्ण. पुलाजवळचा, म्हणजे तारा जिथे बांधलेल्या त्या टोकाचा, पिकअप. टोनची चावी किंचित मागे. स्प्रिंग तीनवर. चारवर ठेवली की विहिरीत बादली पडल्यासारखं होतं.
जवळ आलंय. अजून कोरडं वाटतं. हात जड आहे माझा, यंत्राचा दोष नाही.

१० नोव्हेंबर
वनिता: "काकू, काय करून राहिल्या तुम्ही दिवसभर? टुंग टुंग."
"सूड उगवून राहिले."
तिला विनोद वाटला.

१२ नोव्हेंबर
आवाज सापडला. सकाळी अकराच्या सुमारास. नखी पुलाजवळ, मनगट सैल, तार ओढायची नाही, नुसती सोडायची. सूर गोल, कडा स्पष्ट, मागे थोडीशी थरथर. खाली जाड तार मोकळी वाजत राहते, वर धून चालते. हाच तो आवाज. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, पुन्हा वाजवून पाहिला. होता.
मग मनोहरचा व्हिडिओ लावला, बरोबर वाजवावं म्हणून. जुळेना. माझी पट्टी पांढरी तीन, म्हणजे हार्मोनियमची तिसरी पांढरी; त्याची पांढरी चार. अर्ध्या सुराने वर. गिटार पुन्हा लावली, हार्मोनियमवर तपासली. मी बरोबर.
भाजी चिरताना उलगडलं. धानाच्या खोलीत तेव्हा प्लग एकच होता. तो अॅम्पने घेतला, टेपरेकॉर्डर सेलवर चालवला. सेल उतरलेले. फीत हळू फिरली. नंतर चांगल्या सेलवर लावली की धून वेगाने आणि वरच्या पट्टीत वाजणार. भोंग्यावर ऐकताना वाटलंही होतं मला, जरा घाईत आहे.
म्हणजे मनोहर माझ्याकडून नाही, कॅसेटवरून शिकला. सेलची चूकसुद्धा तशीच उचलली. आणि जाड तार मोकळी सोडली की पांढरी तीनच वाजते, त्यामुळे चारमध्ये ती सोडता येत नाही. खालचा सूर तो वाजवतच नाही. वाजवू शकतच नाही.
शकीलभाईंना फोन केला. दोन वाक्यांत समजले. "मॅडम, ये तो फिंगरप्रिंट हो गया."

१३ नोव्हेंबर
मनोहरला फोन. "मीही येते. दोघं मिळून वाजवू."
"अरे वा, निर्मलाताई! या ना. लोकांना जुन्या माणसांचं कौतुक असतं."
जुनी माणसं. ठीक.
पट्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

१९ नोव्हेंबर, केशोरी
 जसं झालं तसं लिहिते.
पटांगण भरलेलं. बायका पुढे, उसाच्या रसाच्या गाड्यांपर्यंत माणसं. मनोहरने माइकवर ओळख करून दिली, "या गावची लेक, निर्मलाताई. माझी धून आज माझ्याबरोबर वाजवणार."
त्याने चारमध्ये सुरू केलं. मी तीनमध्ये. कानात खडे पडावेत तसं. तो थांबला आणि माइकवर म्हणाला, "ताई, तुमची गिटार उतरली. सूर लावून घ्या."
पटांगण हसलं. धनराजही हसला. ते मी पाहिलं.
हे मी धरलंच नव्हतं. पुरावा असा सज्जड की चार ओळींत लिहून देता येईल, आणि समोर हजार माणसं, त्यांना पट्टी म्हणजे लाकडाची.
त्याच्या हातून माइक घेतला. म्हटलं, "मनोहर, तू थांब. मी एकटी वाजवते."
वाजवली. पूर्ण. खालची तार घंटेसारखी घुमत राहिली. रसाची गाडी थांबली होती की मला ऐकू येत नव्हती, माहीत नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "हे त वेगळंच आहे वो. हे भोंग्यावालं आहे!"
मी म्हटलं, "मनोहर, खालची घंटा वाजवून दाखव. धून तुझीच ना?"
त्याने गिटारकडे पाहिलं. बोटं तारांवर गेली, परत आली. कळलं त्याला. चेहऱ्यावरून रंग उतरताना मी पाहिला, आणि खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.
मग तो म्हणाला, "वा ताई, वा!" आणि ढोलकीवाल्याला खूण केली. पुढचं गाणं सुरू. टाळ्या कोणाला पडल्या, सांगता येत नाही.
धनराज गाडीपर्यंत आला. "बाई, ते खरंच तुह्यं होतं का?"
"तू त्या खोलीच्या दारात बसून चिंचा खात होतास."
"मले कसं आठवीन? सारे मनोहरचं म्हनत, मीबी म्हनलो."

२३ नोव्हेंबर, कुडवा
मनोहर सकाळी आला. एकटा, गिटारशिवाय. जिना चढून दम लागला होता. चहा दिला. बिनसाखरेचा मागितला.
"गोंदियात पुढच्या महिन्यात माझा सत्कार आहे. तिथे सांगतो सगळ्यांना, धून तुमची. फक्त मला ती तीनमध्ये बसवून द्या. तुमच्यासारखा आवाज काढून द्या. मग दोघांचं नाव होईल."
दोघांचं.
म्हटलं, "गोंदियात नको. केशोरीला सांग. मंडईत, त्याच माइकवर. दुसऱ्या कोणाचं नाव न घेता."
"मंडई आता वर्षाने. मला शुगर आहे, ताई. तोवर आपण असू, नसू."
"मी असेन."
"आणि शिकवाल?"
"आधी सांग."
त्याने उरलेला चहा संपवला आणि उठला.   दारात चप्पल शोधताना भिंतीला हात टेकवला, तेव्हा मी उठून पुढे होणार होते.
झाले नाही. अॅम्प लावला. तो जिना उतरू लागला तशी वाजवायला लागले, आणि पावलं मधेच थांबली. उतरल्याचा आवाज आला नाही, कठड्यावर बोटांचा ठेका तेवढा आला. मीही वाजवायचं थांबवलं नाही.