पल्लवीचं रक्त, पल्लवीची सही

४ फेब्रु., भातकुली
पल्लवी कॉलेजातून फॉर्म घेऊनच आली. अमरावतीच्या एका दवाखान्यात संशोधन चालू आहे. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या सख्ख्या भावा-बहिणींचं रक्त, मेंदूचा आलेख. आजार यायच्या आधी अंगात काही खूण दिसते का, ते शोधून राहिले.
"काहून? धडधाकट आहेस ना तू?"
"सूरजदादाले कोणी आधी पाहिलं असतं तर, आई?"
बारावीत सूरज एकटाच बडबडाय लागला, आन् आमी अंगारे-धुपारे करत बसलो. अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं तवा दोन वर्षं वाया गेलती. आता पल्ली त्याच वयाची, अठरा पूर्ण झालेली.

५ फेब्रु.
फॉर्मात प्रश्न: काही वेगळं दिसलं तर कळवायचं का? मी म्हटलं, नाही लिही. पोरीनं माह्या देखत 'हो'वर खूण केली, सही ठोकली. दिवसभर बोलली नाही मी तिच्याशी.
सूरज वावरात शेवंती तोडत होता. तो म्हणे, "मले कोणी विचारलंच नव्हतं. तिले विचारून तर राहिले." मंग मी चहा केला, तिघांचा.

११ फेब्रु.
फजिती! मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून सकाळी पोरीच्या डोक्यात वाटीभर तेल जिरवलं, घट्ट वेणी घातली. तिथं डोक्याले तारा चिकटेचनात. कागदावर लिहिलं होतं म्हणे, तेल लावू नका. कोण वाचते? पल्लीनं तिथल्याच नळावर दोनदा डोकं धुतलं. मंग तासभर कानात यंत्राची टुकटुक, पोरगी हालली नाही. वरून सात नळ्या रक्त. मले पहिल्याच नळीत भोवळ. ही पोरगी माहीच का?
डॉ. बाई तरुण, आपल्या वऱ्हाडातल्याच. म्हणाल्या, "आज कोणाले होईल, कोणाले नाही, हे यावरून सांगता येत नाही. खूप जणांचं जुळवून पाहू, तवा कुठं." एवढं शिकून 'मले माहीत नाही' म्हणणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. लय आवडल्या.

६ एप्रिल
डॉ. बाईंचा फोन. आलेख पुन्हा काढायचा. फॉर्मातल्या त्या 'हो'मुळेच कळवलं असणार. "घाबरू नका, पल्लवीशी समोर बसून बोलतो." घाबरू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करते?
पल्लीनं कॅलेंडर पाहिलं. "सोमवारी जातो."
"मीबी येतो."
"ये ना. पण आत पहिले मी एकटी जाईन."
वरून माह्या पाठीवर हात फिरवला. पोरगी मलेच धीर देऊन राहिली. तिच्याकडे पाहून ऊर भरून येते, आन् सोमवार येऊच नये वाटते.