गुरुवारचा झाडू

प्रिय अंपारोताईस,

ग्वादालुपेमातेच्या कृपेने तू ठणठणीत असणार हे मी धरूनच चालते. प्रकृतीची चौकशी करायला मला तोंड कुठे आहे? शिकागोतली आपली गल्ली सोडताना मीच सगळ्यांसमोर म्हटलं होतं, या दाटीत, या धुरात माणूस आजारीच पडायचा, मी चालले माझ्या मुलाकडे, रोहेलिओकडे, मोकळ्या हवेत. ताई, हवा मोकळी आहे. इतकी मोकळी की तिच्यात माणूसच नाही. आणि माझा रक्तदाब असा चढला की डॉक्टरीणबाईंना यंत्र बिघडल्याची शंका आली.

त्या म्हणाल्या, रोज चाला. (बाई तरुण, दात सुंदर, अक्कल पुस्तकातली.) आपल्याकडे चालायला निघालं की पहिल्या ओट्यावर खुर्ची पुढे होते, दुसऱ्यावर कॉफी, आणि कोपरा येईपर्यंत कुणाचं काय दुखतं ते सगळं कळतं. इथे माणसं गाडीतून गॅरेजात जातात आणि गॅरेजातून गाडीत. कुणाला नमस्कार केला तर तो आधी मागे वळून बघतो, मी दुसऱ्याच कुणाला तर करत नाही ना! रिकाम्या हातांनी भटकायची लाज वाटू लागली, म्हणून मी आपली आईच्या शिस्तीप्रमाणे सकाळी दारापुढचा रस्ता झाडून पाणी मारू लागले.

लगेच शेजारची कॅरल बाहेर आली. म्हणाली, ‘किती छान झाडता हो! या घरचं आटोपलं की गुरुवारी आमच्याकडेही याल का?’

मी! मठातल्या सिस्टरांच्या हाताखाली लॅटिन शिकलेली, जन्मभर शाळेची कचेरी चालवलेली! जिभेवर असं उत्तर आलं होतं की तिच्या घराची कौलं उडाली असती. पण ताई, इथे आल्यापासून त्या रस्त्यावर आपणहून माझ्याशी बोललेली ती पहिलीच. मी म्हटलं, ‘येईन.’

आणि जाऊ लागले. ती कॉफी आणायची, मी झाडूला टेकून उभी. ती लेकीच्या तक्रारी सांगायची, मी सुनेच्या. (पैसे घेत नसे, त्यामुळे मी फार धार्मिक आहे असा तिचा समज.) शरमेची गोष्ट म्हणजे रक्तदाब उतरला. डॉक्टरीणबाई खूश: ‘बघा, चालण्याचा गुण!’ मी मान डोलावली.

मग एका गुरुवारी रोहेलिओ लवकर घरी आला. मी कॅरलच्या दारात, एप्रन बांधून, हातात झाडू. कॅरल त्याला म्हणाली, ‘रॉजर, (हो, इथे तो रॉजर आहे) तुमची बाई फार गुणी आहे हं!’

माझा मुलगा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘हो, आहे खरी.’

मीही झाडत राहिले.

तेव्हापासून जेवताना आम्ही दोघं मिठाच्या भांड्याकडे बघतो. जास्त लाज कुणाला वाटावी हे अजून ठरलेलं नाही. गुरुवार बंद केलाय. रक्तदाब पुन्हा होता तिथे.

गल्लीतल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. बाकी यातलं काही सांगू नकोस.

तुझीच धाकटी,
ओर्तेन्सिया

ता. क. – तुझी वरची खोली कुणाला दिलीस का? दिली नसलीस तर देऊ नकोस. दिली असलीस तर काढ त्याला.

आणखी एक – आजारी बहिणीची सेवा करायला ओर्तेन्सिया परत येतेय, असं सगळ्यांना सांग. मात्र परवाच्या लग्नात तू पहाटेपर्यंत नाचलीस म्हणे, तेव्हा येत्या रविवारच्या चर्चमधल्या मिस्सापासून जरा लंगडायला लाग. डाव्या पायाने. बेकरीवाल्या चेलाबाईला मी फोनवर डावाच सांगून बसलेय.