वखारीमागची चाळीस घरे

४ जानेवारी १८६४, अमरावती.

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे घडणार आहे.

सकाळी भगवंतराव देशमुखांनी गादीवर बोलावले. वाटले, नेहमीप्रमाणे मुंबईचे पत्र लिहायचे असेल. ते नव्हते. अमेरिकेत लढाई चालू, तिकडचा कापूस बंद, म्हणून विलायतेला आता वऱ्हाडचा कापूस हवा. तो आमच्या वखारीत डोंगराएवढा पडला आहे. रेच्यावर, म्हणजे लाकडी चरकावर, कापसातली सरकी काढणाऱ्या बाया आणि गठ्ठे वाहणारे हमाल खेड्यांतून येतात आणि गाड्यांखाली संसार मांडतात. थंडीने लेकरे खोकतात. अकोल्याचा एक व्यापारी तर आमची माणसे फोडू पाहतो आहे. भगवंतराव म्हणाले, "वामनराव, वखारीमांगं चाळीस घरं बांधाची हायेत. नाई तं माणसं जातीन अकोल्याले, अन् कापूस रायते इथंच पडून. तुमी पुण्याले इंजिनेराजवळ होते ना?"

होतो. सात महिने. त्याचे टपाल पाहत होतो, हे त्यांनी विचारले नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. रोजनिशीत खरे तेच लिहिणे.

५ जानेवारी. सकाळी साडेआठ.

पाचला उठण्याचे उद्यापासून.

६ जानेवारी.

प्लॅन तयार! एका बैठकीत. चाळीस खोल्या, एकच सरळ रांग, प्रत्येक खोली नऊ फूट बाय नऊ फूट, प्रत्येकीला एक दार, सगळी दारे पश्चिमेला. कॅम्पाचा रस्ता पश्चिमेकडून जातो. घोड्यावरून जाणाऱ्या साहेबाला चाळीस दारे एका ओळीत दिसतील. याला फ्रंट म्हणतात. सौ. सत्यभामेला प्लॅन दाखवला. तिने विचारले, यात बाई कुठे उभी राहणार? बायकांना ड्रॉइंग कळत नाही. कागदावर माणसे काढत नसतात.

८ जानेवारी.

माणिकबाई म्हणून एक बाई आली. पातूरकडची, चाळिशीच्या आसपासची, सरकी काढणाऱ्या बायांची पुढारीण. तिने मान हलवल्याशिवाय एकही रेचा फिरत नाही म्हणे. प्लॅन बघायला मागितला. उलटा धरला. मी सुलटा करून दिला, तर म्हणाली, "इकडून धरा का तिकडून, सारखंच दिसते." म्हणजे सिमेट्री तिच्यासारखीलाही जाणवली!

मग मात्र नको ते प्रश्न. चूल कोठी मांडाची? रेचा कोठी ठेवाचा? "अन् दारं मावळतीकडं काहून, कारकूनबुवा?" मी इंजिनियर आहे, हे सांगून फ्रंट समजावला. ती म्हणाली, "साहेब एकडाव येते रस्त्यानं. ऊन रोज येते."

अज्ञानाशी वाद घालू नये. एक नमुना खोली बांधून दाखवायची, असे भगवंतरावांनी ठरवले. माझीच सूचना होती, किंवा मी करणारच होतो.

२१ जानेवारी.

नमुना खोली उभी. नत्थुजी गवंडी चांगला आहे, पण तोंडाळ. मला विचारतो, "खिडकी इसरले का?" विसरलो नाही. खिडकीने भिंतीची रेषा तुटते. माणिकबाई सुनेसकट राहायला आली. मी तिला विचारले, कसे वाटते? म्हणाली, "पेवात उतरल्यासारखं." पेव म्हणजे इकडचे जमिनीखालचे धान्याचे कोठार. उबदार असते. थंडीत याहून मोठी स्तुती काय!

२७ जानेवारी.

विहिरीचे काम काढले. जागा मी काढली, रांगेच्या बरोबर मध्यबिंदूपाशी, टेप लावून. माणिकबाईने दूर ओढ्याकडच्या बाभळींकडे बोट केले, तिथे पाणी लागेल म्हणे. पण तो बिंदू कुठल्याच मध्यावर नाही!

९ फेब्रुवारी.

मध्यबिंदूवर काळा खडक लागला. खाली आणखी काळा खडक. नत्थुजी आत उतरून "पानी नाई" असे ओरडला, आणि ते वखारीतल्या सर्वांना ऐकू गेले. विहीर तूर्त स्थगित. खड्डा मात्र अत्यंत गोल आला आहे.

१३ फेब्रुवारी.

घोर प्रकार! दुपारी नमुना खोलीकडे गेलो तो मागच्या, म्हणजे पूर्वेच्या, भिंतीला भगदाड. माणिकबाई पहारीने ते मोठे करून राहिली होती. (मीही आता असे लिहू लागलो.) मी ओरडलो. ती म्हणाली, "आत या अन् बसा." बसलो. पश्चिमेच्या दाराला तिने ओले पोते लावले होते, आणि भगदाडातून वारा येत होता. मला जरा डुलकी लागली. जाग आली तेव्हा सून ताक देत होती. ताक प्यायलो, पण भगवंतरावांकडे तक्रार करणार.

१४ फेब्रुवारी.

तक्रार केली नाही. विचारांती असे दिसते की समोरासमोर दोन वाटा उघड्या ठेवून हवा खेळवणे हे तत्त्व माझ्या मनात आधीपासून होतेच. त्याला व्हेंटिलेशन म्हणतात. प्लॅनमध्ये चाळीस भगदाडे दाखवली.

१७ फेब्रुवारी.

संकट. पहाटे बावीस बाया सामान गाड्यांवर घालून अकोल्याला निघून गेल्या. मागे राहिलेल्या म्हणतात, त्या तोंडावर ऊन घेणाऱ्या डब्यांत आमी रायत नाई. भगवंतराव इतके शांत बोलले की मला घाम फुटला. "वामनराव, अकोल्याले जा. त्याईले घेऊन या. नाई आल्या तं तुमीबी तिकडंच पाहा काई."

काम जाणार, आणि या उन्हाळ्यात आम्ही दोघे कुठे जाणार? सत्यभामेने दशम्या बांधून दिल्या. म्हणाली, तिथे बोलण्यापेक्षा ऐका जरा.

२० फेब्रुवारी, अकोला.

बाया मोर्णा नदीच्या पात्रात, उघड्यावर उतरलेल्या. इथल्या व्यापाऱ्याने घरे देतो म्हटले होते, दिली गाड्यांची सावली. मी दगडावर उभा राहून भाषण केले. पाऊण तास. फ्रंट, सिमेट्री, व्हेंटिलेशन, सगळे आले. बाया सरकी निवडत होत्या. शेवटी एकीने विचारले, "माणिकबाई कोठी रायते सध्या?"

मी म्हणालो, नमुना खोलीत. मागची भिंत फोडून.

"तिनं भितडं फोडलं? अन् मालकानं फोडू देल्लं?"

म्हणालो, दिले. आता सगळ्याच खोल्यांना तसे ठेवणार आहोत.

त्या आपसांत बोलू लागल्या, मग हसू लागल्या. मी खाली उतरलो, कारण दगड तापला होता.

२१ फेब्रुवारी.

बावीसही बाया परत निघाल्या! वक्तृत्वाचा परिणाम कधीकधी दुसऱ्या दिवशी होतो.

२४ फेब्रुवारी, अमरावती.

भगवंतराव खूष. बायांनी त्यांना स्पष्टच सांगितले म्हणे, घरं माणिकबाईले इचारून बांधत असान तं आमी रायतो. त्यांनी मला बोलावून सांगितले, आता माणिकबाईला विचारूनच बांधा. म्हणजे कामाचा व्याप पाहून मला असिस्टंट दिली आहे.

२६ फेब्रुवारी.

असिस्टंटने वखारीच्या अंगणात सरकीचे दाणे मांडले. सगळ्या बाया भोवती बसलेल्या. एक दाणा म्हणजे एक घर. पाच घरांचे एक अंगण, अशी आठ अंगणे. दारे उगवतीकडे. प्रत्येक दारापुढे रुंद ओटा, त्यावर छपरी, म्हणजे रेचा सावलीत चालेल आणि लेकरू डोळ्यांपुढे राहील. चूल ओट्याच्या कोपऱ्यात, आडोशाला. म्हातारी गोदाबाई म्हणाली, मले कोपऱ्यातलं घर नको, एकटं वाटते. तर माणिकबाईने तिचा दाणा उचलून मधे ठेवला. हमालांना गठ्ठा डोक्यावर असताना वळायला जागा हवी, म्हणून दोन अंगणांत गल्ली सोडली. नत्थुजी पावलांनी मोजत होता. कोणीही टेप मागितली नाही.

मी दाणे मोजले. बरोबर चाळीस! आकडा माझा तो माझाच राहिला.

२७ फेब्रुवारी.

दाण्यांवरून प्लॅन उतरवून घेतला. सत्यभामा बराच वेळ बघत होती. म्हणाली, या घरात बाई कुठे उभी राहील ते दिसते आहे. मी म्हणालो, दिसणारच. ती हसली. मी प्लॅनवर सही केली.

१० मार्च.

काम धडाक्यात. ज्यांना राहायचे तेच विटा वाहतात, त्यामुळे नत्थुजीला ओरडावे लागत नाही. बाभळीपाशी विहीर खणली. पाणी. बरेच. आजूबाजूच्या जमिनीची पाहणी मी केलेली असल्यामुळे हे सोपे गेले. माझ्या खड्ड्यात ज्वारी साठवणार आहेत.

१९ मार्च.

पूर्णपणे स्वतंत्र अशी एक गोष्ट माझ्या हातून व्हावी, म्हणून वखारीच्या वाटेवर कमान बांधतो आहे. दगडी. वर माझे नाव कोरून घेतले. माणिकबाईने विचारले, कापसाची गाडी केवढी उंच भरते, पायलं का? मी म्हणालो, कमानीचे प्रपोर्शन कापसावर ठरत नाही.

२९ मार्च.

कमानीत गाडी अडकली. मागे आणखी अकरा. बैल सोडले, कापूस उतरवला, तरी निघेना, कारण गाडीवानाने घाईत ती तिरकी घातली होती. दुपारपर्यंत अर्धी अमरावती बघायला आली. एवढी गर्दी अंबादेवीलाच पाहिली होती. शेवटी नत्थुजीने कमान उतरवली. नावाचा दगड विहिरीपाशी धुणे धुवायला घेतला, पालथा. अक्षरे झिजू नयेत म्हणून, असे मी समजतो.

२१ एप्रिल.

आज सगळी घरे भरली. सकाळीच आठही अंगणांत चुली पेटल्या. गोदाबाई मधल्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होती. छपरीखाली रेचे लागले, आणि त्यांची किरकिर एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जात होती. ज्या लेकरांचा खोकला मी जानेवारीत ऐकत होतो ती गल्लीतून पळत होती. मी मधोमध उभा राहिलो. कोणी म्हणाले, "बसा ना, वामनराव." भाकर आणि पिठले दिले.

डोळ्यांत पाणी आले. धुराने. चुली आडोशाला असल्याने धूर इकडे येत नाही, हे नत्थुजीने विनाकारण दाखवून दिले.

६ मे.

मोठी बातमी! भगवंतरावांच्या मेहुण्यांना, खुशालरावांना, अकोल्यास अशीच साठ घरे बांधायची आहेत. तिकडे जाणारा माणूस अमरावतीहूनच हवा म्हणतात. माणूस म्हणजे कोण, ते सांगायला नको. रात्रंदिवस विचार. साठ म्हणजे षट्कोनाला किती सोयीचा आकडा!

संकल्प: अकोल्यात पाचला उठणे.

९ मे.

भगवंतरावांनी खुशालरावांस पत्र लिहायला बसवले. मी लेखणी सरसावून बसलो. त्यांनी सांगितले, "लिहा. घरं बांधणारं माणूस पाठवून राहिलो." लिहिले. "नाव माणिकबाई. सोबत नत्थुजी गवंडी." मी थांबलो. वाटले, पुढच्या ओळीत असेल. पुढच्या ओळीत भाचीच्या लग्नाचे होते. मी हळूच दोघांच्या आधी "वामनराव इंजिनियर व" असे घातले. मग त्यांनी पत्र वाचून दाखवायला सांगितले. वाचताना ते शब्द वगळले, तर म्हणाले, "कागद इकडं द्या पाहू." त्यांना वाचता येते, हे मला तीन वर्षांत कळले नव्हते.

पत्र पुन्हा लिहिले. अक्षर सुंदर आले आहे.

११ मे.

माणिकबाई घरी आली होती. ओसरीवर सत्यभामेशी बराच वेळ बोलली. मग मला म्हणाली, "वामनराव, चाला अकोल्याले. तिकडच्या मालकाचे कागद येतीन, ते आमाले वाचता येत नाई. अन् तुमी बाया हसवता चांगल्या." भगवंतरावांनी सुट्टी दिली, फार सहज दिली. सत्यभामा मागाहून येणार आहे, माणिकबाईने तिला अंगणाजवळची जागा कबूल केली आहे.

कागदपत्रांचा सर्व अधिकार माझ्याकडे. याला सेक्रेटरी म्हणतात. इंजिनियरहून वरची जागा.

१५ मे, मूर्तिजापूर.

प्रवास सुखाचा. माणिकबाई पुढे गाडीवानाशेजारी, नत्थुजी तिच्यामागे, मी सर्वांत मागे, चुन्याच्या पोत्यांवर. मागून सगळे दिसते. ऊन चढले तसा मी जरा आडवा झालो. इथल्या धर्मशाळेच्या दारात रखवालदाराने विचारले, "गाडीत कोण कोण हाय?"

नत्थुजी म्हणाला, "माणिकबाई हाय, मी हाय, अन् बाकी सामान."

मी त्या वेळी आडवा होतो, शिवाय अंगावर चुना पडला होता. म्हणून दिसलो नसेन.