घरच्या माणसाला हुद्दा कशाला

सोमवार, ४ मार्च

घेतला प्रवेश! मनुष्यबळ व्यवस्थापन, पदविका, एक वर्ष, सगळं ऑनलाइन. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर घरात चर्चा झाली असती, आणि आमच्याकडे चर्चा म्हणजे भाऊजी बोलणार आणि बाकीचे चहा पिणार.

कारण लिहून ठेवते, उद्या राग उतरला तर विसरायला नको. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, लाँड्रीचे मालक. काल जेवताना म्हणाले, नवी शाखा काढतोय, तिथं माणसं सांभाळायला कुणीतरी शिकलेला बाहेरून आणावा लागेल. मी समोरच बसले होते! लग्न झाल्यापासून लाँड्रीत माणसं मी घेते, रजा मी देते, भांडणं मी मिटवते. हॉटेलांच्या चादरी वेळेवर पोचतात त्या काय आपल्या पायांनी चालत जातात? शिकलेला हवा ना? ठीक आहे. होते शिकलेली.

शनिवार, ९ मार्च

पहिला तास. घड्या घालायच्या खोलीत बसले, कारण इंटरनेट तिथंच नीट पोचतं. चारी बाजूंनी टॉवेलांचे ढीग, मध्ये मी आणि लॅपटॉप. सर 'काही शंका?' विचारतात आणि कुणी तोंड उघडायच्या आत पुढचं पान येतं. इस्त्रीवाल्या मावशी मागे उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, एवढा वेळ एकटाच बोलतोय, घरी कुणी ऐकत नसेल बिचाऱ्याचं.

गुरुवार, २१ मार्च

घरात कळलं. जाऊबाई म्हणाल्या, आता स्वयंपाकघरातसुद्धा हजेरी लावावी लागणार वाटतं. म्हटलं, लावा, उशीर कुणाला होतो ते दिसेल तरी.

हे फक्त 'बरं' म्हणाले. लाँड्रीची गाडी हेच चालवतात — सकाळी मळके कपडे आणायचे, संध्याकाळी धुतलेले पोचवायचे. भाऊजींचे धाकटे भाऊ. यांच्या 'बरं'चा अर्थ काय हे मला लग्नापासून कळलेलं नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

स्वाध्याय — तुमच्या कामाच्या ठिकाणाची आकृती काढा. कोण कुणाच्या हाताखाली. मला काय अवघड! वर मालक, खाली धुलाई, वाळवण, इस्त्री, गाडी, हिशेब. प्रत्येकाला चौकट, चौकटींना रेघा. इतकी सुबक आली की मावशींना दाखवली. त्या आपली चौकट बघून खूश झाल्या.

गुरुवार, १८ एप्रिल

स्वाध्याय तपासणाऱ्या शिक्षिकेचा शेरा आला. 'आकृती छान आहे. पण या लोकांना कामावर घेतं कोण, रजा देतं कोण, हे यात कुठेच दिसत नाही.'

मी मलाच काढलं नव्हतं!

भाऊजींवर चिडून प्रवेश घेतला आणि स्वतःच्या हातानं स्वतःला वगळलं. वाचून कान तापले. दुसऱ्यांनी काय डोंबल मोजायचं मला? नवी आकृती काढली. मालकाच्या खाली एक चौकट. आत माझं नाव. रेघ जरा जाडच आली. येऊ दे.

मंगळवार, २ जुलै

सुट्ट्यांचं वेळापत्रक आठवडाभर आधी भिंतीवर लावलं. पुस्तकातच आहे तसं. भाऊजी म्हणाले, ही थेरं मोठ्या कंपन्यांची, आपल्याला काय करायचीत? काढा म्हणाले नाहीत, म्हणून राहिलं. आणि या आठवड्यात एकानेही न सांगता दांडी मारली नाही. मी भाऊजींना हे दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकवणार होते पण ते बाहेर निघून गेले.

बुधवार, ६ नोव्हेंबर

डोकं फिरलंय.

प्रात्यक्षिकासाठी दाखला लागतो. आपण कुठे काम करतो, कोणत्या पदावर. त्यावर मालकाची सही. साधी गोष्ट! भाऊजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढला.

"यात खोटं कसं लिहू? तू कामाला कुठे आहेस?"

"रोज सकाळी आठला येते त्याला काय म्हणायचं मग?"

"अगं, तू घरची आहेस. घरच्या माणसाला हुद्दा कशाला? सगळं तुमचंच तर आहे."

आणि ते हे मनापासून म्हणाले, हेच तर अवघड आहे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा धंदा सोडून दवाखान्यात बसले होते ते. माणूस वाईट असता तर सरळ भांडले असते. पण सगळं आमचं असेल तर एक सही का नाही आमची?

यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बोलतो दादाशी."

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बोलले नाहीत. अर्थात! मूग गिळून बसायची एखादी पदवी असती तर आमच्या ह्यांना पहिला नंबर मिळाला असता.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मी बोलले. भाऊजींशी नाही — मोठ्या हॉटेलातल्या बाईंशी. त्या तिथल्या कर्मचारी विभागाच्या प्रमुख. ते हॉटेल आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि हरवलेल्या उशीच्या अभ्र्यांवरून बाई आणि मी फोनवर वर्षानुवर्षं भांडत आलोय. आज पहिल्यांदा समोरासमोर भेटलो. माझ्याएवढ्याच आहेत, आवाजावरून मला उंच वाटायच्या. प्रात्यक्षिक तुमच्याकडे करू का, असं विचारलं. 

बाईंनी प्रात्यक्षिकाच्या कागदावर सही केली, म्हणाल्या, आठवड्यातून तीन दुपारी या. मग म्हणाल्या, "मला तर इतकी वर्षं वाटत होतं की लाँड्री तुमचीच आहे."

परत येताना रस्त्यात उभी राहून एकटीच हसले. रडलेसुद्धा थोडी.

शनिवार, १६ नोव्हेंबर

घरात आगडोंब. भाऊजी म्हणाले, गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन घराची लाज काढलीस. मी म्हटलं, लाज नाही काढली, सही आणली. जाऊबाईंनी हातातला कप खाली ठेवला. त्या चक्क हसू दाबत होत्या!

सोमवार, २ डिसेंबर

हॉटेलला जाताना यांच्याच गाडीतून जाते. मागे चादरी, पुढे मी.  आज मी उतरताना हे म्हणाले, "तिथं तुला काय म्हणून ओळखतात?"

म्हटलं, प्रशिक्षणार्थी.

गाडी चालू तशीच ठेवून बसले. मग म्हणाले, "काहीतरी म्हणून ओळखतात हे बरं." आणि गेले. मला उशीर झाला होता, मी फार विचार केला नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

आज बाईंनी एका वेटरची तक्रार मला ऐकायला बसवलं. फक्त ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. मला! जीभ दातांखाली धरून बसले. शेवटी तो वेटर म्हणाला, बरं वाटलं. मी काहीच केलं नव्हतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

परीक्षा. कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, नजर इकडेतिकडे नको. नियम वाचतानाच भिंतीकडे पाहिलं, कारण पलीकडे धुलाईचं मोठं मशीन. ते फिरायला लागलं की माझं टेबलसुद्धा नाचतं. आज मशीन बंद ठेवा असं भाऊजींना मी सांगणार नव्हते. मरून गेले तरी नाही.

पहिला प्रश्न उघडला आणि मशीन थांबलं. पेपर संपेपर्यंत थांबलेलंच होतं.

मावशींनी मागाहून सांगितलं. यांनी बंद केलं. भाऊजी ओरडले, माल पडून राहिला, हॉटेलवाले काय म्हणतील. यांनी बटणापुढे स्टूल ठेवलं आणि त्यावर बसून राहिले.

रात्री 'थँक्यू' म्हटलं. 'बरं' म्हणाले.

बुधवार, १२ मार्च

पास! पहिला वर्ग!! इस्त्रीच्या टेबलावर चढून ओरडावंसं वाटलं. नाही चढले. ओरडले मात्र.

गुरुवार, १३ मार्च

भाऊजींनी सगळ्या लाँड्रीला चहा पाजला. सर्वांसमोर म्हणाले, आमच्या घरात एवढी शिकलेली सून आहे, आता बाहेरचा माणूस कशाला? सोमवारपासून नव्या शाखेत तूच बस. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वर्षभर याच वाक्याची वाट पाहिली होती. गोड लागलं, खोटं कशाला सांगू! तरी विचारलं — पद काय? नेमणुकीचं पत्र कधी?

हसले. "घरच्या घरी पत्रं लिहायची का आता?"

तेव्हा सांगितलं. हॉटेलात सहायक कर्मचारी अधिकारी म्हणून मला विचारलंय. एक तारखेपासून. मी हो म्हटलंय.

"बाहेरच्यांकडे राबणार?"

"हो. त्यांनी विचारलं."

भाऊजींचा चेहरा उतरला. वाईट वाटलं मला. पण शब्द मागे घेतला नाही. हे कोपऱ्यात कप धरून उभे होते. यांच्याकडे पाहायचं टाळलं मी. उगाच पुन्हा 'बोलतो दादाशी' ऐकायला नको.

मंगळवार, १ एप्रिल

हॉटेलातल्या माझ्या खोलीच्या दारावर पाटी. नाव, खाली पद. कुणी बघत नाही असं पाहून हात फिरवला.

बुधवार, ९ एप्रिल

ड्रायव्हरच्या जागेसाठी मुलाखती. बाई आणि मी. तिसरा उमेदवार आत आला — हे! केस विंचरलेले, लग्नकार्यातला शर्ट. घरी एका शब्दानं बोलले नव्हते.

मी उठले. बाईंना सांगितलं, हे माझे यजमान आहेत, ही मुलाखत मी घेऊ शकत नाही. बाहेर आले. दार अर्धवट उघडं होतं, पाय काही पुढे जाईनात.

बाईंनी विचारलं, "एवढी वर्षं भावाकडे होतात. ती नोकरी का सोडताय?"

हे म्हणाले, "नोकरी नव्हती ती."